शनिवारपर्यंत कैलासवासी

खडकी, बुधवार

तीर्थरूप दत्तोबा दाजींस,

ज्ञानदेवचा आपणास व दुर्गाताईस वाकून नमस्कार. नाशिकला लेकीकडे दोन महिने राहून आपला गुडघा सुधारला असेल, असं धरून चालतो. (सुधारला नसल्यास ऋतुजाला कळवू नये. तिला वाटायचं, आपल्याच घरची फरशी बाधली.) खडकीहून विश्रांतवाडीला पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. फोनच करणार होतो. पण आपल्याला ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर असतो, आणि मग तो आपण सोडून सगळ्या मजल्याला ऐकू जातो. जे लिहितोय ते ताईला इतक्यात कळायला नको. तिचं ब्लडप्रेशर आपल्याला माहीत आहे, मला तिचा स्वभावही माहीत आहे.

सर्वप्रथम, मी जिवंत आहे. अक्षर ओळखून खात्री करून घ्यावी. कारण आपण उद्या आमच्या कॉलेजवरून गेलात, तर फाटकाला माझा आठ बाय सहाचा फ्लेक्स दिसेल. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : कबड्डी संघ'. मधला फोटो मी पंचावर ओरडतानाचा आहे. तोंड असं उघडं आहे की दाढेतली चांदी रस्त्याच्या पलीकडून दिसते.

या संघाचं आणि माझं काय आहे, ते आपल्याला सांगायला नको. आपल्या लग्नात कान पिळायला सख्खा मेहुणा हजर नव्हता, चुलतभाऊ आमोदला उभं करावं लागलं, कारण त्या सकाळी आमची मॅच होती. (सत्तावीस गुणांनी हरलो.) विद्यार्थी असताना तीन वर्षं मी राखीव खेळाडू होतो आणि एकदाही मैदानात उतरलो नाही. मग फॅक्टरीतली नोकरी, लग्न, निवृत्ती, सगळं यथासांग झालं, पण अडतीस वर्षांत एक मॅच चुकवली नाही. कोपऱ्यातली लाल खुर्ची आणि गळ्यात शिट्टी. एवढ्या वर्षांत संघानं काय मिळवलं म्हणाल, तर एकदा उत्तम शिस्तीचं प्रशस्तिपत्रक. तरी मी जायचो. हरून बाहेर आलेल्या पोरांना पाणी द्यायला, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला कुणीतरी लागतं. ते म्हणताना मला बरं वाटायचं. आम्हाला मूलबाळ नाही, आणि शकू घरात फार बोलत नाही. बोलते तेव्हा ती बोलली नसती तर बरं, असं वाटतं.

गेल्या महिन्यात स्पर्धेची पहिली मॅच होती. सकाळी बुटाची नाडी बांधताना छातीत असं काही आलं की नाडी तशीच राहिली. शकूनं रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. घराला कुलूप, आम्ही दोघं नऊ दिवस तिकडे. (आपल्याला मुद्दाम कळवलं नाही. आपण गुडघ्यासकट निघून आला असता.) तिकडे मैदानावर पोरांनी रिकामी खुर्ची पाहिली, मॅच कशीबशी एका गुणानं काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णधार रणजित सहा जणांना घेऊन आमच्या दारात.

आता योग बघा. त्याच पहाटे खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर सहस्रबुद्धे गेले. वय चौऱ्याऐंशी. माझ्या शिट्टीबद्दल सोसायटीकडे तीनदा लेखी तक्रार करणारे ते हेच. पोरं आली तेव्हा खाली शववाहिका उभी, माणसं जमलेली, तोंडापर्यंत हार चढलेले, आणि वर आमच्या दाराला कुलूप. अशा वेळी 'गेलं कोण?' असं कुणी विचारतं का हो? ती चांगल्या घरची पोरं, त्यांनीही विचारलं नाही. सहस्रबुद्ध्यांचा मुलगा अमेरिकेत, घरात खांद्याला माणसं नव्हती. यांनी मुकाट्यानं खांदा दिला. चढाईपटू पुढे, पकडवाले मागे. सहस्रबुद्ध्यांची मुलगी भाग्यश्री परवा शकूला म्हणाली, "बाबांचा इतक्या तरुण मुलांशी लोभ होता, आम्हाला पत्ताच नव्हता." शकूनं फक्त "हो ना" म्हटलं.

त्यानंतरचं मला लिहवत नाही, पण लिहितो. रणजितनं माझ्या नावानं डोकं भादरलं. काकांना मुलगा नाही, कुणीतरी करायला हवं, म्हणाला. दाजी, हे ऐकून मी रडलो. आपल्याला हसायचं असेल तर हसा.

पुढच्या मॅचला पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, दोन मिनिटं मौन पाळलं आणि सलग अकरा वर्षं आम्हाला तुडवणाऱ्या संघाला एकोणीस गुणांनी हरवलं. मग उपांत्य फेरी, मग जिल्ह्याचा करंडक. मी घरी परतताना रिक्षातून तो फ्लेक्स पाहिला. शकू म्हणाली, "फोटो तरी बरा बघून लावायचा." दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक अनंत सर करंडक आणि हार घेऊन शकूच्या सांत्वनाला आले. दार मी उघडलं. सर तिथंच पायरीवर बसले. पाणी प्यायले, माझा हात चाचपून पाहिला, वर लिहिलेलं सगळं त्यांनीच सांगितलं, आनंद झाला असं दोनदा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "काका, येत्या शनिवारी विद्यापीठाची फायनल आहे. आपलं कॉलेज आजवर तिथं पोचलेलं नाही. पोरं तुमच्यासाठी खेळताहेत. शनिवारपर्यंत कुठं दिसू नका, एवढी विनंती."

मी हो म्हटलं. तेव्हापासून पडदे ओढून घरात बसलोय. बसल्या बसल्या एकच विचार येतो, की मी अडतीस वर्षं तिथं बसलो तेव्हा ही पोरं हरली आणि मी मेल्याबरोबर जिंकायला लागली, याचा अर्थ काय घ्यायचा? शकूला विचारलं. ती म्हणाली, जिंकले तर पुढच्या वर्षीही तुम्हाला मेलेलंच राहावं लागेल. तिचं बरोबर आहे. हरले तर मला माझी खुर्ची परत मिळेल, जिंकले तर त्या फाटकातून मी पुन्हा आत जायचा नाही. तरी पोरं जिंकावीत, दाजी. अगदी मनापासून सांगतो, जिंकावीत.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार सांगावा, पण तो कशावरून आठवला ते सांगू नये.

आपला आज्ञाधारक,
(तूर्त कै.) ज्ञानदेव

ता. क. शनिवारी फायनलआधी 'दिवंगत क्रीडाप्रेमीच्या कुटुंबीयांचा' शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे. शकूला विचारलं तर म्हणाली, "मंगळसूत्र घालून मी तो नारळ घेणार नाही, आणि काढून तर मुळीच नाही." तेव्हा मयताचे मेहुणे म्हणून आपण जावं. पांढरा सदरा घालावा. डोळ्यांना रुमाल लावायला हरकत नाही. मात्र चढाई चालू असताना तो खाली घ्यावा आणि गुण लिहून आणावेत.

ता. क. मॅच दहाला आहे. मला साडेनऊला आत नेणार आहेत. तीन ठिकाणी अडथळा आहे, बायपास करायचं ठरलंय. तारीख डॉक्टरांनी दिली, मी मागून घेतलेली नाही. आपण हॉस्पिटलकडे फिरकू नये, तिथं शकूचा भाऊ आनंद आहे. मॅच संपेपर्यंत मैदान सोडू नये. मी शुद्धीवर आलो की आधी गुण सांगावेत. हरले असले तरी खरं सांगा. हरल्याची मला सवय आहे. भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि हे फक्त आपल्याला लिहितोय.

ता. क. शुद्धीवर नाहीच आलो, तर पोरांना कळवू नका. त्यांचं माझ्यासाठी रडून झालंय.