वाकडी भुजा

३ मार्च, बोवेन
काचेच्या टाकीत समुद्र पाळणाऱ्यांनो, ही वही तुमच्यासाठी. दुकानदार आपल्याला आजारी जीव विकतो आणि तो मरायला टेकला की म्हणतो, फेकून द्या, नवा घ्या. तीस वर्षं मी मांसकारखान्याच्या फाटकावर कामगारांपुढं भाषणं केली. मालक माणसांबद्दल हेच बोलत.

आज नव्या घरी आले. समोर समुद्र, अंगणात आंबा, भाडं नावापुरतं. घरमालकीण नोएला ट्रँटरची एकच अट: तिच्या वारलेल्या नवऱ्याची, क्लाइव्हची टाकी सांभाळायची. टाकीत एक निळा तारामासा. पाचांपैकी तीन भुजा गळालेल्या, चौथी कुजतेय, पाचवी तेवढी धड. क्लाइव्ह गेला तेव्हापासून हा झडायला लागला, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या राज्यात कुणाला कामावरून काढत नाहीत. ती हसली नाही.

५ मार्च
गावातल्या दुकानदाराला फोनवर विचारलं, तोही म्हणाला, फेकून द्या. टाकीचं पाणी आटून फार खारट झालं होतं. गोडं पाणी एकदम ओतलं तर तारामासा मरतो. म्हणून दोन दिवस थेंबथेंब सोडलं. त्याला हवा लागू द्यायची नसते. पाण्याखालीच वाडग्यात घेतला आणि कुजकी भुजा ब्लेडनं कापली, सड मधल्या चकतीत शिरायच्या आत.

शेजारचा लेस कुंपणावरून म्हणाला, काय बेरिलबाई, आता तारामाशांची युनियन काढणार वाटतं. क्लाइव्हही असाच येडा, म्हणाला, हातानं भरवायचा. शेवटी शेवटी उजव्या हाताला एकही बोट उरलं नव्हतं, बिअरचा ग्लास दोन तळव्यांत धरून प्यायचा. प्रवाळानं कापली, असं सांगायचा म्हणे.

११ मार्च
चिमट्यातली कोळंबी घेत नाही. हातातली लगेच घेतो. त्याच्या बारीक पायांनी माझी करंगळी चाचपली, आंधळा चेहरा चाचपतो तशी. कापल्या जागी कोंब आलाय. याला महिने लागतात असं पुस्तकं सांगतात. दुकानदाराला फोन करून सुनावलं: बघ, फेकायला सांगत होतास ना.

२० मार्च
भुजा पुरती वाढली. टोकाशी डावीकडे वाकडी. माझी करंगळी तशीच आहे. संपात फाटकाखाली सापडली होती. योगायोग असेल. करंगळी सकाळपासून बधिर आहे.

२८ मार्च
करंगळी पट्टीनं मोजली. दीड इंच उरलीय. डॉक्टर म्हणाला, वय झालं, रक्त पोचत नाही. अनामिका पांढरी पडलीय. टाकीत दुसरी भुजा फुटली. तिच्या मुळाशी गोल वळ आहे. चाळीस वर्षं न काढलेल्या माझ्या अंगठीचा पडलाय तसा.

२ एप्रिल
भरवणं बंद केलं. संध्याकाळपर्यंत भूक लागली, पोटात नाही, बोटांत. नसलेल्या बोटांत. पुन्हा भरवलं.

नोएलाला जाब विचारला. ती म्हणाली, क्लाइव्हलाही वाटायचं की आपण त्याला बरं करतोय. मग म्हणाली, घराच्या जाहिरातीला एवढी पत्रं आली, पण तुझं वाचलं आणि कळलं, ही बाई सोडून जाणारी नाही.

६ एप्रिल
डाव्या हातानं लिहितेय. उजव्याला अंगठाच उरला. टाकीत चार नव्या भुजा. पाचवी जुनी, जाड, आखूड — क्लाइव्हचा अंगठा. आज तीही कुजायला लागली.

मी पलंगावर पडलेय आणि बोटांत वाळू रुततेय. काचेचा गारवा लागतोय. आतून.

९ एप्रिल
बादली भरली. नळाचं पाणी. एक वाटी टाकीत ओतली — चारही बोटं भाजली, किंचाळले. लेस धावत आला. खोटं सांगितलं, चहा सांडला. पुढं ओतवलं नाही. मीच, जिनं कधी कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही —

१० एप्रिल
अंगठा पांढरा.

टाक्या पाळणाऱ्यांनो — लेस — वही ज्याच्या हाती पडेल त्यानं — बादली दाराशी आहे. नोएलानं पुन्हा जाहिरात देण्याआधी. सगळी टाकीत ओता. एकदम. मी ओरडेन. म्हणेन, थांबा, तो बरा होतोय. ऐकू नका. ओता. मी पाया पडले तरी ओता, मी नको म्हटलं तरी —