करवंदं विचारणारा भाडेकरू

लालबाग, वैशाख १९५६, रविवार

समोरच्या खोलीतला नवा भाडेकरू सावंत सारखा विचारतो, वरळीच्या टेकडीवर करवंदांच्या जाळ्या नेमक्या कुठे आहेत? याला करवंदं कशाला? पोलिसांचा माणूस तर नव्हे? मोर्चात पोलिसांच्या हातून निसटलेला माझा भाऊ त्याच टेकडीखाली, कोळीवाड्यात लपलाय.

आज मीच सावंतला पारखायला टेकडीवर नेलं. त्याने काट्यांत बेधडक हात घातला, काळी पिकलेली तेवढी काढली, चीक पुसून मला दिली. म्हणाला, "बायकोला डोहाळे लागलेत." हायसं वाटलं. पोलिसाला करवंदं कुठली कळायला?

आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पोलीस कोकणातले नसतत? आणि तेची बायको कोणी बघितली?"

भावाला लगेच निरोप धाडला, जागा बदल. तेवढ्यात सावंत दारात. उद्या पुन्हा जाऊया का, विचारत होता. येतो म्हणालो. त्याला जाळीत गुंतवून ठेवीन, तोवर भाऊ निघून जाईल.