डावऱ्याला विकलं कोणी

दि. ४ मार्च

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी ठीक आहे, तुम्ही दोघं ठीक असाल असं धरून चालतो. पत्र लिहिण्यास कारण तुझं पत्र. फोनवर तू "जेवलास का" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो, आणि मग दोघंही एकमेकांचे श्वास ऐकत बसतो. त्यात मागे दाजी असतात. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, शाईत पाय बुडवून कोंबडी चालून गेल्यासारखं. सातवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, हा वाद अजून मिटलेला नाही.

काम बदललं. लगेच ओरडू नकोस. गोदामातला मुकादम बोलताना खांद्यावर हात ठेवायचा, मला नाही सहन होत. आता धुलाईच्या कारखान्यात आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, रोज हजारभर. मी डागांवर असतो. म्हणजे चादर उजेडात धरायची, डाग कशाचा ते ओळखायचं आणि ढीग वेगळा करायचा. चहाचा एक, तेलाचा एक, रक्ताचा एक. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो, म्हणून ते आधी थंड पाण्यात. मालक म्हणतो, तुझी नजर बरी आहे. मनात म्हटलं, आमच्या घरात नजरेचं दुकानच आहे.

क्लबात काय चाललंय ते मला कळलं का, असं तू विचारलंस. कळलं. इथे आपल्या फुटबॉल क्लबाचे तीन वेडे आहेत, त्यांच्यामुळे सगळं कळतं. गाव सोडून त्यांना पंधरा पंधरा वर्षं झाली, पण क्लब हरला की त्या दिवशी चादरी वाकड्या निघतात. एक ड्रायव्हरमामा, चादरींची गाडी चालवतो. एक टकलू, इस्त्रीच्या रोलरवर. आणि बॉयलरवाल्याला आम्ही वकील म्हणतो, कारण तो वाद घातल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.

परवा सुट्टी होती. वाळत घातलेल्या चादरींच्या मधे सावलीत बसलो होतो. आपला क्लब ह्या वर्षी खालच्या गटात घसरला, त्यावरून विषय निघाला, की आजवर आपण जे खेळाडू विकले त्यांत सगळ्यात जास्त पस्तावा कुणाचा? वकिलानं नियम घातला, प्रत्येकानं तीन नावं सांगायची.

"भावना नकोत," म्हणाला, "कारणं द्या."

"भिंतीला विकलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो," मामा म्हणाले. भिंत म्हणजे तो उंच गोलकीपर, तुला आठवत असेल.

"बायको माहेरी गेली असेल," टकलू म्हणाला.

"तुझ्या तोंडाला इस्त्री फिरवीन हं! बरं, दुसरा तो बुटका. विकला, आणि पुढच्याच वर्षी आपल्याच मैदानावर येऊन तीन गोल घालून गेला. वर प्रेक्षकांना हात जोडून माफी मागितली."

"ते जास्त झोंबलं," वकील म्हणाला. "गोल परवडले, माफी नाही परवडत."

पण पहिलं नाव तिघांचं एकच. डावऱ्या. ते नाव तिघांनी घेतलं ते घरातलं माणूस गेल्यासारखं. मग मामांनी डोळे मिटून तो शेवटच्या सामन्यातला गोल सांगितला. दोघांना चकवलं, तिसऱ्याला बसवलं आणि डाव्या पायानं चेंडू असा टेकवला की जाळ्यालासुद्धा लागला नसेल. मी ऐकत होतो. त्या गोलाला पास कुणाचा होता, ते मामांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. माझा होता.

तेवढ्यात टकलूला मी आठवलो. "अरे, हा पण त्याच वर्षी क्लबातून गेला ना? ह्याला धरायचं का यादीत?"

वकिलानं माझ्याकडे डाग बघितल्यासारखं बघितलं. "ह्याला विकलेलं नाही. हा गळालेला आहे. पस्तावा व्हायला आधी गिऱ्हाईक यावं लागतं."

खूप हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

मग मामा म्हणाले, "आणि विकला कुणी? त्या चष्मेवाल्या सेक्रेटरीनं. गावाला चष्म्याचे नंबर काढून देतो आणि ह्याला स्वतःला धडधाकट गुडघा दिसत नाही!" वकील म्हणाला, "दिसला नाही कसा? मधे हात ओले केले असणार." ताई, मी त्यांना सांगितलं नाही की तो चष्मेवाला माझा दाजी आहे. काय समजायचं ते समज.

तू लिहिलंस, की कमिटीनं दाजींना तोंडावर विचारलं, "डावऱ्याचा गुडघा गेलाय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि दाजी म्हणाले, "कोणी नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं." तेव्हापासून त्यांना सगळे आंधळा चष्मेवाला म्हणतात, ते मैदानाकडे फिरकत नाहीत, दुकानात रिकाम्या फ्रेमा पुसत बसतात. पंचवीस तारखेच्या सभेत त्यांना क्लबातून काढायचा ठराव आहे. आणि शेवटी तू विचारलंस, तू तर चोवीस तास डावऱ्याबरोबर असायचास, तुला काही माहीत होतं का?

ताई, त्याच्या गुडघ्याला पट्टी होती. सगळं मैदान बघत होतं. मी काय वेगळं सांगणार? दाजी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणतात, तर बघितलं असेल.

सभेचं काय होतं ते कळव. दाजींना नमस्कार सांग. नाहीतर राहू दे, नको सांगूस.

तुझा,
धाकटा


दि. १७ मार्च

ती. दाजींना,

मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. चुका काढू नका, किंवा काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

काल ताईचा फोन आला. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. म्हणाली, "अरे, देव पावला! डावऱ्या स्वतः सभेला येतोय. त्यानं निरोप पाठवलाय, दाजींच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही, माझ्या पायाची पट्टी बघून कुणीही फसला असता, मी येऊन सांगतो सगळ्यांना." मी म्हटलं, "छान." आणि फोन ठेवला.

दाजी म्हणाला तो! साहेब नाही, सेक्रेटरी नाही, दाजी. त्याला मेहुणा कधी करून घेतलात तुम्ही?

त्यानंतर डोकं ठिकाणावर नव्हतं. रक्ताची अख्खी गठडी मी गरम पाण्याच्या ढिगात टाकली. चाळीस चादरी वाया गेल्या. मालकानं आईबहीण काढली, मी ऐकून घेतलं. पहिल्यांदाच ऐकून घेतलं असेन.

दाजी, सामना संपला की तुम्ही त्याला स्कूटरवर मागे बसवायचात. थकलाय बिचारा, म्हणायचात. आणि चेंडूंचं पोतं घेऊन मी चालत यायचो. मी थकायचो नाही का? घरी पोचेपर्यंत ताईनं त्याला गरम पाणी दिलेलं असायचं आणि तुम्ही दोघं टेबलावर वाट्या मांडून, हा तू, हा त्यांचा बॅक, असं करत बसलेले असायचात. मी पोतं ठेवलं तरी वर बघायचा नाहीत. एकदा मीच एक वाटी उचलून म्हटलं, हा मी. तुम्ही म्हणालात, "ठेव ती, चहाची आहे." तुम्ही विसरला असाल. मी नाही.

आता ते लिहितो. चार ओळी आहेत, पण तीन वर्षं पोटात आहेत.

डावऱ्या तेव्हा लोखंडी फाटकांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एक दिवस तापलेली ठिणगी पँट जाळून गुडघ्यावर बसली, रुपयाएवढी जागा भाजली. खेळताना घाम लागून चरचरायचं, म्हणून तो पट्टी बांधायचा. बस, एवढंच होतं. गुडघा ठणठणीत होता. हे मला माहीत होतं, कारण त्या जखमेवर मलम रोज मीच लावायचो.

मोठ्या क्लबाचा माणूस आला त्या आठवड्यात तुम्ही मला दुकानात बोलावलंत. कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होतात. मान वर न करता विचारलंत, "काय रे, पोराचं अंग चांगलं आहे ना? तू असतोस त्याच्याबरोबर." मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काही विचाराल. तो माणूस आम्हा दोघांना बघायला आला होता. मी म्हणालो, "उगाच कोण पट्टी बांधतं, दाजी?"

तेवढंच. मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगतोय. नुसता प्रश्न विचारला होता. पण तुम्ही काडी खाली ठेवलीत, चष्मा काढलात आणि मला म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. घरचा माणूस आहेस म्हणून कळलं." आणि चार दिवसांत मिळेल त्या भावात त्याला देऊन टाकलात, गुडघा जायच्या आत. त्यांच्या डॉक्टरानं म्हणे अर्ध्या तासात ओळखलं, की गुडघा घोड्याचा आहे.

मला वाटलं, तो गेला की जागा माझी. मिळाली पण. पाच सामने खेळलो. पाचव्यात अर्ध्यावर तुम्हीच मला बाहेर बसवलंत आणि तुम्ही रिकाम्या डाव्या बाजूकडे बघत होतात. तिथे कुणीच नव्हतं तरी तिकडेच. त्याच महिन्यात मी गाव सोडलं.

तुम्ही कमिटीत माझं नाव का नाही घेतलंत? आधी वाटलं, विसरलात. मग वाटलं, ताईसाठी. काल मशीनपाशी उभा असताना कळलं, की तुम्ही इतकं केलंत त्याच्यासाठी, पण त्याच्यासाठी कधी बोलणी खाल्ली नाहीत. ती माझ्यासाठी खाल्लीत. हे त्याच्या वाट्याला गेलेलं नाही. हे मी त्याला मिळू देणार नाही.

मी फार चांगला झालोय म्हणून लिहितोय, असं समजू नका. आजही टीव्हीवर त्यानं गोल मारला की मी उठून बाहेर जातो, आणि वकील विचारतो, "पोट बिघडलं का रे?" पण त्यानं येऊन तुम्हाला सोडवायचं, आणि मी इथे चादरी धरून उभं राहायचं, हे मला नाही जमणार. तुम्हाला अडकवलं मी. सोडवीन पण मीच.

सोबत वेगळं पान आहे, सभेसाठी. त्यात नुसतं घडलं ते आहे, रडगाणं नाही. दोन वेळा लिहून काढलं, वाचता येईल. तुम्ही ते लपवाल, ताईला सांगाल की पत्र पोचलंच नाही, हे मी ओळखून आहे. म्हणून दुसरी प्रत कमिटीच्या नावानं आजच टाकली आहे. आणि वकिलाला, मामांना आणि टकलूला सकाळीच सांगितलं, तो चष्मेवाला माझा दाजी आहे, आणि आंधळा तो नव्हता. वकील आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता पाणी प्यायला.

वाचताना माझं नाव पूर्ण वाचा, वडिलांच्या नावासकट. त्या मैदानाच्या माइकवरून ते आजवर कुणी पुकारलेलं नाही. लोक शिव्या घालतील, घालू देत.

फक्त एक करा. तो मोठा माणूस झालाय, थोडा उशिरा येईल, लोक उभे राहतील, टाळ्या थांबणार नाहीत. दाजी, तो यायच्या आत वाचा.

तुमचा एकुलता एक मेहुणा