मला वाद घालायचा नाही

१५ मार्च २००९, रविवार. दुपार.
एक महिना जेल, वर डिपोर्टेशन. मला! कोथरूडच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळलेल्या माणसाला! जज्जनी विचारलं, खालच्या मजल्यावरच्या नेल्सनचं नाक फोडलंस, कबूल आहे का? मी ट्रान्सलेटरला सभ्यपणे म्हटलं, "मला वाद घालायचा नाही." सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य टाकलं की समोरचा वरमतो, चहा येतो, विषय खलास. इथे आखातातल्या कोर्टात चहा आला नाही. वाद नाही म्हणजे कबूल, असं धरून चालले.

वास्तविक झालं काय? मार्केट कोसळलं, साइटवरच्या क्रेन थांबल्या, ऑफिसने मला अर्ध्या पगारावर घरी बसवलं. त्याच दिवशी सावलीतल्या माझ्या पार्किंगमध्ये नेल्सनची गाडी. माणूस चिडणार नाही? हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता. तो सुटला. दोन-तीनदा सुटला. नेल्सनचं नाकच मऊ, त्याला मी काय करू?

अपील करणार. जिंकणारच.

१६ मार्च.
वकिलाच्या ऑफिसातले गनीसाहेब म्हणाले, हबीबी, पासपोर्ट कोर्टात ठेवून जामिनावर बाहेर आहेस, नीट राहा. नेल्सनने माफीच्या कागदावर सही दिली तर डिपोर्टेशन टळेल, इन्शाल्ला. तोवर कुणावर हात उचलू नकोस. मी मुळात शांत स्वभावाचा आहे, हे त्यांना टेबल ठोकून सांगितलं. काच जुनीच होती त्यांची.

संकल्प: आजपासून राग बंद. विभावरीला सांगितला. ती नुसतं 'बरं' म्हणाली. बायकोने नवऱ्याला या टोनमध्ये 'बरं' म्हणावं? रिमोट फुटला. नवा घ्यायचाच होता.

२० मार्च, शुक्रवार.
मिठाई घेऊन नेल्सनकडे. साठ दिरहम, म्हणजे आठशे रुपये! त्याच्या बायकोने, सुझीने, साखळी न काढता दार किलकिलं केलं. माफी मागायला आलोय म्हटलं. म्हणे नेल्सन झोपलाय. थोडा जोर लावला, तर साखळी भिंतीतून उपटून हातात. काय हे हल्लीचं बांधकाम! नेल्सन चांगला जागा होता, नाकावर प्लास्टर. त्याची कॉलर धरून सांगितलं की मी अगदी मनापासून सॉरी आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. प्रोग्रेस आहे.

२७ मार्च, गुढीपाडवा.
नवं वर्ष, नवा मी. गुढीसाठी काठी घेऊन येतोय, तर सावलीत पुन्हा तीच गाडी. सणाच्या दिवशी! काठी आरशाला लागली. मग दुसऱ्या आरशाला. ईशानी खिडकीतून बघत होती. वर येऊन तिला प्रेमाने म्हटलं, चल, गुढी उभारू. म्हणाली, "नो, बाबा. आय डोन्ट वॉन्ट टू." आठ वर्षांची पोर बापाला नाही म्हणते? मी हात फक्त उगारला. विभावरी उगाच मध्ये आली, दारावर आदळली, ओठ फुटला. दाराच्या कडेला रबर लावायला हवं.

काठी मोडल्यामुळे गुढी पडद्याच्या रॉडवर. श्रीखंड एकट्याने खाल्लं. मायलेकी संध्याकाळपर्यंत सुझीकडे. विभावरी हुशार आहे, माझ्या अपीलसाठी ओळख वाढवतेय.

९ एप्रिल.
कागद आला! सहीसकट! विभावरीनेच आणला. नेल्सनने जरासुद्धा खळखळ केली नाही म्हणे. माझं सॉरी अखेर आत पोचलं तर. विभावरीला विचारलं, डिपोर्टेशन टळलं तर तुला आनंद होईल ना? म्हणाली, "मला दुसरं काही नको." डोळे भरून आले माझे. बायको असावी तर अशी.

१९ एप्रिल, रविवार. सकाळ.
जिंकलो! जेल सस्पेंड, डिपोर्टेशन रद्द. जज्जनी माफीचा कागद वाचला आणि मान डोलावली. आनंदाने गनीसाहेबांना मिठी मारली, त्यांचा चष्मा वाकला. पासपोर्ट अजून सुटायचाय. यल्ला, चला आता घरी. जिलेबी घेतलीय, ईशानीला आवडते.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
घराला कुलूप. आत कपाट अर्धं रिकामं. ईशानीचं दप्तर नाही, चपला नाहीत.

खाली जाऊन दार बडवलं. नेल्सनने नव्या, जाड साखळीच्या आडून सांगितलं की दोघी दुपारच्या फ्लाइटने पुण्याला गेल्या, विभावरीच्या भावाकडे. मी ओरडलो, मग मला माफ कशाला केलंस?

तो म्हणाला, "मी नाही केलं. वहिनी फुटका ओठ घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, याला डिपोर्ट केलं तर हा माझ्यामागे पुण्यालाच येईल. तुमच्या पाया पडते, याला इथेच राहू द्या."

दारावर एक गुद्दा मारला. साखळी हलली नाही. बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं येतंय.

पासपोर्ट मिळाला की जाईन आणि तिला शांतपणे समजावीन. वर येऊन रिकाम्या घरात मोठ्याने म्हणून पाहिलं, मला वाद घालायचा नाही. कुणी 'बरं' म्हणालं नाही.