समुद्र मागे चाललाय

१ ऑक्टोबर १९९८, दसरा. रात्री ९
मुहूर्त चांगला. निर्णय झाला. मनोरमाची ऑम्लेट-पावची गाडी कॉलेजच्या गेटासमोर वाया जातेय. धूळ, रिक्षा, कुत्री. माझी कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी ती बघते, प्लॅनिंग मी बघतो. घर सध्या गाडीवर चालतं, पुढे प्लॅनिंगवर चालेल. कोजागरीला किनाऱ्यावर मूनलाइट पार्टी! कॉलेजची पोरं, मसाला दूध, ऑम्लेट. वसईत नाइटलाइफ कोणीतरी सुरू करायलाच हवं होतं.
संध्याकाळी सातला जागा पाहून आलो. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं. मनोरमा म्हणाली, गाडी नेताय तशी परत आली पाहिजे. हिला व्हिजन नाही.

२ ऑक्टोबर. सायं. ७
पंचावन्न पावलं. काल चाळीस. म्हणजे समुद्र मागे चाललाय. पेपरात कुठे काही नाही. रोज बरोबर सातलाच मोजणार. शास्त्रीय काम शिस्तीत हवं.
झाडांच्या मुळाशी चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे यांची लांबच लांब ओळ. लोक कचरा टाकायला एवढ्या वर येतात. नागरिक म्हणून लाज वाटली.

३ ऑक्टोबर
नव्वद!
मासळीवाली रेजिनाबाई भेटली. म्हणाली, भाऊ, पुनवेचं पानी झाडांना लागतं, गाडी खाली नका नेऊ. जन्म इथे गेला तिचा, पण कधी पावलं मोजलीस का, विचारलं. नाही म्हणाली. मग नुसती बघत राहिली माझ्याकडे. ते बघणं मला आवडलं नाही.

४ ऑक्टोबर
एकशे तीस. कोळ्यांनी होड्या पार झाडांपर्यंत ओढून ठेवल्यात. एवढा मोकळा किनारा असताना ही अडगळ कशाला?
मनोरमा म्हणाली, गाडी निदान झाडांखाली लावा. तिथे चांदणं येत नाही, मी म्हणालो. ती तवा घासत बसली. तवा स्वच्छच होता.

५ ऑक्टोबर, कोजागरी
सायं. ६. फळ्या टाकून गाडी खाली आणली. हलू नये म्हणून चारही चाकं अर्धी वाळूत पुरली. समुद्र एवढा लांब की आज पावलं मोजली नाहीत. गरजच काय?
८.३०. चाळीस पोरं! चटया, गिटार. एक ऑम्लेट उतरत नाही तोवर दुसऱ्याची ऑर्डर. मनोरमाला म्हणालो, बघ. ती समुद्राकडे बघत होती.
९.४५. लाटांचा आवाज जवळून येतोय. वारा फिरला असणार.
१०.१०. कुत्री उठून झाडांकडे गेली. मनोरमा म्हणतेय, आवरू या. दूध आत्ता कुठे आटतंय.
१०.३०. चटयांखाली ओल. दव.
१०.४०. दव नव्हे.

६ ऑक्टोबर. दुपारी
पोरं सगळी सुखरूप वर पोचली. मनोरमानेच ओरडून, हाताला धरून एकेकाला चढवलं. मग आम्ही दोघं गाडी ढकलत होतो. चाकं निघेनात. पाणी कमरेला आलं. मी म्हणालो, आता ओहोटी लागेलच. ती म्हणाली, गाडी गेली, तुम्ही चला. गाडीवरचा हात सोडून तिने माझा दंड धरला. मला फार भीती वाटली होती. इथे लिहायला हरकत नाही.
सकाळी वाळूत दोन चाकं मिळाली. बाकी तवा, शेगडी, पातेली, काही नाही.

७ ऑक्टोबर. सायं. ७.३०
रेजिनाबाईने दिलेला स्टोव्ह घेऊन मनोरमा कॉलेजसमोर फुटपाथवर बसली. मी रस्त्याच्या पलीकडे, ऐकू येईल इतक्यावर उभा होतो. कॉलेजच्या लायब्ररीतल्या सुहासिनीबाईंनी विचारलं, गाडी कुठे गेली? रंगवायला दिलीय, मनोरमा म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.
निदान कांदा चिरून द्यावा म्हणून मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेलो. अहो, तुम्ही घरी जा, म्हणाली. इथे बसायला जागा नाही.
जागा होती. मी घरी आलो.