लाखोळीवरचे ढालकिडे

गुरुजी, एवढ्या उशिरा लिहितो आहे, त्याची माफी असावी. तुम्ही वारलात तेव्हा मी तरणा होतो, आता मीच म्हातारा झालो. चौथीतच शाळा सुटली, त्यामुळे अक्षर वाकडं आहे. चुकाही असतील.

माझी सून आमच्याच गावच्या शाळेत चौथीला शिकवते. धान निघाल्यावर आमच्या शेतात लाखोळीची डाळ असते, तिच्या पानामागे सुनेला पिवळी अंडी सापडली. ती तिनं वर्गात बरणीत ठेवली. लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, त्या ढालकिड्यांची अंडी. त्यातून काळ्या, काटेरी अळ्या निघाल्या. त्या पिकावरचा मावा खातात, म्हणून मावा लागलेली डहाळी रोज नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचाच घोर. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचं औषध उडून आमच्या बांधावर आलं असेल तर? रोज त्याला विचारायचो, आज फवारलं का? तो वैतागून म्हणाला, बुढा पोरीच्या लग्नातही इतका भेला नव्हता.

त्या अळ्या पाहिल्या आणि तुमचा वर्ग आठवला. खिडकीत तुम्ही ठेवलेली कंदिलाची काच, तोंडाला बांधलेलं फडकं, आत अशाच अळ्या. त्या दिवशी मावा आणायची पाळी माझी आहे आणि तुम्ही अजून आलेले नाहीत. पिकात अळी दिसली की चिरडायची, एवढंच बाबांनी शिकवलेलं. मी फडकं सोडतो आणि एकेक अळी पाटीवर चिरडतो. वाटतं, गुरुजी शाबासकी देतील. तुम्ही आलात, पाटीकडे बघत उभे राहिलात, मग म्हणालात, "इचारलं काऊन नाही रे? आता तूच अंडी शोधून आण." बस, एवढंच.

मला अंडी सापडली नाहीत. रिकाम्या हातानं यायची भीती वाटली, म्हणून घरी सांगितलं की गुरुजींनी छडीनं मारलं. बाबा शाळेत आले आणि सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, पण माझं खोटं उघडं केलं नाहीत. त्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली, आणि गावात तुम्ही मारकुटे गुरुजी झालात. म्हातारे अजून तेच नाव घेतात.

मागच्या आठवड्यात अळ्या बरणीला चिकटून बसल्या, खाणं बंद. मला वाटलं, मेल्या, माझ्याच डहाळीनं मेल्या. जेवण गेलं नाही. सून म्हणाली, कोष केले त्यांनी. काल पहिला ढालकिडा निघाला तो फिक्कट पिवळा, अंगावर एक ठिपका नाही. मी म्हटलं, हा अधू निघाला.

"थांबा ना मामाजी, ठिपके येऊन राहिले," सून म्हणाली.

मी मागच्या बाकावर बसून राहिलो. पोरं पाढे म्हणत होती. शाळा सुटायच्या आत एकेक ठिपका खरंच उमटला.

सोमवारी सगळे लाखोळीत सोडायचे आहेत. सून म्हणते, मामाजी, तेव्हा पोरांना तुमच्या लहानपणच्या शाळेबद्दल दोन शब्द सांगा. तिलाही मारकुटे गुरुजीच माहीत आहेत. खरं काय ते सांगायचं मी ठरवलं आहे. पोरं घरी जाऊन बोलतील, बाबांचंही नाव निघेल, पण सांगेन. हे पत्र सदऱ्याच्या खिशातच राहणार, ते कळतं मला. तरी एक कबूल करतो. तुम्ही कधी मारलं नाहीत, तरी मी अजून तुम्हाला भितो. सोमवारच्या आधी काहीतरी कळवा, गुरुजी.