चोरीला गेलेला रणगाडा आणि डावीकडचं तळं

चि. गुंड्या यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्राला बसले आहे. तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? झोप लागते का? डोळ्यांचं मी विचारत नाही. मागे सगळ्यांसमोर 'मोतीबिंदू काढून घे बाबा' एवढंच म्हणाले, तर तू भरल्या ताटावरून उठलास आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंस. (जन्मभर बस चालवलेल्या माणसाला म्हातारपणी 'दिसत नाही' म्हणून लायसन नाकारतात, तेव्हा त्याला काय वाटतं ते मला कळतं रे. पण ते काय मी नाकारलं?) तुझी सून सांगत होती, दिवसभर खोलीचं दार लावून बसतोस आणि जेवायला हाक मारली की नुसतं 'हं' म्हणतोस. तिला निदान 'हं' तरी मिळतं. असो. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण मन पार खचलंय. मी शाळेत किती दिवस टिकले ते तुला ठाऊक, तेव्हा जोडाक्षरं जिथे तुटलीत तिथे तू जोडून घे.

तर झालं असं, की माझा रणगाडा चोरीला जातो. रोज जातो.

डोकं ठिकाणावर आहे, घाबरू नकोस. नातीचा पाय मोडला हे तुला कळलंच असेल. (चपलेचा पट्टा तुटलेला, म्हटलं दुसरी घाल, तर म्हणे 'आजी, एवढ्यात कुठे जातेय', आणि एवढ्यातच गेली.) पायाला प्लास्टर, कॉलेज बंद, मैत्रिणी दोन दिवस आल्या नि मग विसरल्या. पोर कंटाळून रडायला लागली तेव्हा मी म्हटलं, चल, मी खेळते तुझ्याशी. मला वाटलं पत्ते काढेल. तिने माझ्या हातात दोन शिंगांचा रिमोट दिला आणि टीव्हीवर लढाई लावली. आपल्या नात्यागोत्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांनी मिळून तिथे एक खोली केली आहे, संध्याकाळी सगळे आपापल्या घरून जमतात, अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला. खरं नाव कोणी सांगत नाही. नातीने माझं नाव 'तोफखाना' ठेवलं. मला बंदूक काही जमेना, ज्याला मारायला जावं तोच मला मारून पुढे जायचा, तेव्हा तिने मला रणगाड्यात बसवलं. गुंड्या, काय सांगू! बटण दाबलं की भिंत पडते! जन्मभर मी हळू चाल, हळू बोल ऐकत आले, आणि इथे मी आले की माणसं पळतात! मी त्या गाडीला ठमी म्हणते. ठमीत बसले की माझी कंबर दुखत नाही.

पण माझं सुख टिकलंय कधी? त्या बाजूला 'गुपचूप' नावाचा एक मेला आहे. त्याची युक्ती ऐक. तो ठमीवर तोफ डागत नाही की बाँब टाकत नाही. लपतछपत येतो आणि चाकांपाशी धुराचा डबा टाकतो. धूर झाला की मला काही दिसत नाही. मी 'अगं बाई, पेटलं!' म्हणून खाली उतरते, कुठे काय जळतंय ते बघायला. तोवर हा मागून वळसा घालून माझ्या जागेवर बसतो. संपलं. तेवढ्यावर गाडी त्याची होते, झेंड्याचा रंगसुद्धा बदलतो. एक गोळी खर्च नाही, गाडीला ओरखडा नाही! नात कपाळावर हात मारून ओरडते, 'आजी, धूर म्हणजे आग नाही! आत बसून राहा!' मी म्हणते, 'धूर दिसतोय आणि मी बसून राहू? अशी कशी बाई तू?' ती म्हणते, 'आजी, हे स्वयंपाकघर नाही!'

मग मी मनाशी पक्कं केलं, आता काही झालं तरी उतरायचं नाही. मंगळवारी ठमीत ठाण मांडून बसले. धूर आला. मी हलले नाही. धूर वाढला. नात खोकायला लागली, तरी मी हलले नाही. म्हटलं, ये मेल्या, आज बघते तुला! डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा जरा शंका आली, पण म्हटलं हल्ली खेळ फार सुधारलेत. शेवटी नात किंचाळली, 'आजी, हा खरा धूर!' गॅसवर भाजी होती. आता नाही. पातेलंही नाही. मी स्वयंपाकघराकडे धावले, समोरच्या घरातला इलेक्ट्रिशियन बादली घेऊन आला आणि त्याने ती माझ्यावर ओतली. निथळत परत येऊन बघते तर गुपचूप ठमीत बसलेला!

मुलगा संध्याकाळी आला, भिंतीवरची काजळी बघून म्हणाला, 'आई, या वयात शोभतं का हे?' सून म्हणाली, 'पातेलं माझ्या माहेरचं होतं.' मी जेवले नाही. (जेवायला काही नव्हतंच.) खरं सांगते, आयुष्यात एक गाडी हातात आली, तीही राखता येत नाही, तर माणसाने जगावं कशाला?

आणि त्याहून मनाला काय लागलं सांगू? चोराने चोरी करून पळावं की नाही? हा पळत नाही! ठमी घेतो आणि तिथेच थांबतो. दोनदा भोंगा वाजवतो, पीं पीं, आणि थांबतो. त्याचं कोणी येऊन चढेपर्यंत हलत नाही. त्याचीच माणसं त्याच्यावर ओरडत असतील, पण हा ढिम्म. काल मी बंदूक घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, मार मला, होऊन जाऊ दे. त्याने मारलं नाही. पीं पीं केलं! मला वाटलं, हिणवतोय. मी तिथेच रडले. मग त्याचा माणूस चढला, ठमी हलली, झोकात वळण घेतलं (वळण मात्र असं घेतो की पोटातलं पाणी हलणार नाही), आणि डावीकडच्या तळ्यात गेली. बुडुक. गुपचूपही बुडाला. परवाही तिथेच बुडाला होता. त्याच्या आदल्या दिवशी डावीकडच्या खांबाला धडकला. उजवीकडचं गवताचं पातंसुद्धा चुकवतो आणि डावीकडचं एवढं मोठं तळं याला दिसत नाही.

मी रिमोट खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. नात म्हणाली, 'आजी, रडू नकोस, उद्या नवी ठमी मिळेल.' तिला वाटलं मी ठमीसाठी रडतेय.

बाकी सर्व क्षेम. सुनेला आशीर्वाद सांग. पथ्य सांभाळ.

तुझी,
खचलेली ताई

ता. क. वर 'खचलेली' लिहिलंय ते खोडून वाच. खोडायला गेले तर कागद फाटेल.

ता. क. लहानपणी आपण गाडीने कुठे निघालो की खिडकीजवळची जागा मी धरायची, आणि तू म्हणायचास, 'ताई, तुझ्या पिशवीतून काहीतरी सांडतंय!' मी बघायला उठले की तू खिडकीत. मी दर वेळेस उठायचे. काहीतरी बिघडतंय म्हटलं की मी जागेवर बसूच शकत नाही, हे ओळखून असणारा माणूस जगात एकच आहे. आणि लढाईतसुद्धा प्रवासी चढल्याशिवाय गाडी न हलवणाराही एकच. मेल्या, गुपचूप!

ता. क. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घे. लायसनसाठी म्हणत नाही, ते गेलं खड्ड्यात. तळ्यासाठी म्हणते. मी काल रडले ते ठमीसाठी नव्हे.

ता. क. नात म्हणते, ठमीत दोघं बसतात, पण त्यासाठी दोघांनी एका बाजूला असावं लागतं. तुला ये म्हटलं तर तू यायचा नाहीस, म्हणून मीच तिला सांगून तुझ्या बाजूला आले आहे. उद्या संध्याकाळी धूर करू नकोस. पीं पीं कर, मी चढेन. ऑपरेशन होईपर्यंत डावीकडचं मी सांगत जाईन. मात्र कानाला ते बोलायचं लावून बस. मी 'तळं' म्हटलं की तू नुसतं 'हं' म्हटलंस तरी चालेल.